माय म्हणायची "गोळा यायलाय", आम्ही ऐकलं "गॅस": स्पायजेलियन हर्निया आणि दुर्बिणीचं ऑपरेशन

मन्याडकाठ | १२ नोव्हेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी अहमदपूर तालुक्यातला, पेशानं शिक्षक. इथं एरवी नुसता वाचत असतो. पण दोन वर्षं घरात जे कोडं होतं ते आज दुपारी लातूरला सुटलं आणि आता निर्णय घ्यायचाय, म्हणून लिहितोय. जरा लांबेल.

माय ६१ वर्षांची. नको म्हटलं तरी शेतात जाते. दोन वर्षांपूर्वी एकदा खुरपून आली, ओसरीवर बसली आणि बेंबीच्या खाली, उजव्या अंगाला बोट लावून म्हणाली, "इथं गोळा यायलाय बघ." आता आपल्याकडं गोळा येणं म्हणजे काय हे कुणाला सांगायला नको. ओवा निघाला, काळं मीठ निघालं, हिंग पाण्यात कालवून बेंबीत भरला. थोडं पडल्यावर तिला बरं वाटलं. श्रेय हिंगाला गेलं.

मग ते दर आठ-पंधरा दिवसांनी व्हायला लागलं. गावातल्या एका म्हातारीनं "नळ भरलेत" म्हणून दोन-तीनदा तेल लावून पोट चोळलं. तालुक्याला दाखवलं, तर पित्ताच्या गोळ्या. दुसरीकडं अपेंडिक्सची शंका, तिसरीकडं मूतखड्याची. तीन सोनोग्राफ्या झाल्या, तिन्ही नॉर्मल. एका ठिकाणी तर मला बाजूला घेऊन सांगितलं, "आजींना काही नाही, या वयात लक्ष वेधून घ्यायला असं होतं." खरं सांगतो, दोन-चार महिने मलाही ते पटलं होतं.

आज लातूरला चौथी सोनोग्राफी. तिथल्या मॅडमनी माझ्याकडं बघितलंच नाही, थेट तिला विचारलं, "आजी, काय होतंय?" माय म्हणाली, "गोळा यायलाय." मी सवयीनं पुढं जोडलं, "गॅस धरतो मॅडम." त्या म्हणाल्या, "तुम्ही थांबा. आजी, गोळा म्हणजे हाताला लागतो का?" माय म्हणाली, "लागतंय की. उभं ऱ्हायलं की यायलाय, निजलं की जायलाय. बोटानं दाबलं तर गुळगुळ करून आत बसतंय."

दोन वर्षं ती हेच सांगत होती. खरोखरचा गोळा. प्रत्येक डॉक्टरपुढं त्याचा "गॅस" करून सांगणारा मी होतो.

मॅडमनी तिला उभं केलं, दुखतं तिथंच बोट ठेवायला लावलं, त्यावर प्रोब धरला आणि म्हणाल्या, खोका. खोकल्याबरोबर पडद्यावर काहीतरी पुढं सरकताना मलाही दिसलं. पोटाच्या भिंतीत साधारण २ सेंटिमीटरची फट आणि त्यातून आतली चरबी बाहेर येते. नाव लिहून दिलं: स्पायजेलियन हर्निया. नंतर सीटी स्कॅन केला, त्यातही तेच.

एक सर्जन म्हणतात दुर्बिणीनं करू, आतून जाळी लावू. दुसरे म्हणतात वरून छोटा छेद देऊन सरळ शिवू, जाळी बसवू. थांबू नका, असं मात्र दोघंही म्हणतात. माय म्हणते, "आता कळलं ना काय हाय ते, मग राहू द्या की." कुणाच्या घरी हे झालंय का? दुर्बिणीचं खरंच बरं की नुसतं बिल फुगतं? आणि आता कुठं सोयाबीनच्या राशी आटोपल्यात. तूर निघेपर्यंत थांबलं तर चालेल का?

---

तुरीचंवरण | १२ नोव्हेंबर, रात्री १०:०२

वाचून अंगावर काटा आला. आमच्या आईचा "गोळा" पण परवापासून चालूय. उद्याच विचारतो, हाताला लागतो का म्हणून.

---

बार्शीलाईट | १२ नोव्हेंबर, रात्री १०:१५

सर, माझं स्पष्ट मत. आमच्या वडिलांचा जांघेतला हर्निया १९९४ साली घाटी दवाखान्यात वरून कापूनच केला. तीस वर्षं झाली, काही नाही. दुर्बीण, जाळी, टॅकर (जाळी आतून ठोकायचं हत्यार) ही सगळी बिलं वाढवायची साधनं. हर्निया म्हणजे फाटलेलं पोतं. सुतळी-दाभण घ्या आणि शिवा.

---

गोदाकाठची | १२ नोव्हेंबर, रात्री १०:३१

मन्याडकाठ दादा, बाकीचं डॉक्टर लोक सांगतील, पण ती पोट चोळणं आधी बंद करा. माझ्या चुलत सासूबाईंचं असंच "नळ भरले" म्हणून चोळलं होतं. हर्निया वेगळा होता, बेंबीचा. रात्रभर उलट्या, सकाळी नांदेडला नेईपर्यंत आतडं काळं पडलं होतं. कापून जोडावं लागलं, पंधरा दिवस दवाखान्यात. वाचल्या, हे नशीब.

---

टाकेवाला | १२ नोव्हेंबर, रात्री ११:४८

मी सर्जन आहे, नांदेडला. ओपीडी संपवून आत्ता बसलो, म्हणून उशीर. पेशंट तपासलेला नाही, त्यामुळं हे सर्वसाधारण माहिती म्हणून वाचा.

आधी त्या सोनोग्राफीवाल्या मॅडमना माझा नमस्कार सांगा. हा हर्निया मशीनपेक्षा प्रश्न विचारून जास्त सापडतो. आधीच्या तीन सोनोग्राफ्या खोट्या होत्या असं समजू नका. पेशंट उताणा, पोट सैल. त्या स्थितीत हर्निया आत गेलेला असतो. आणि बघणाऱ्याला चिठ्ठीवर लिहून आलेलं असतं "पोटदुखी, गॅस". तो लिव्हर, पित्ताशय, किडनी बघतो. ती नॉर्मलच असतात. पोटाच्या भिंतीकडं बघा असं कुणी सांगितलेलंच नसतं.

आता हा का लपतो, ते सांगतो. आपल्याकडची वाकळ डोळ्यांपुढं आणा. वरून एक धडकं लुगडं, आत जुन्या धडप्यांचे थर. आतले थर विरून भोक पडलं आणि वरचं लुगडं शाबूत असलं, तर आतल्या चिंध्या त्या भोकातून सरकून लुगड्याखाली गोळा होतात. वरून बघितलं तर वाकळ धडच दिसते, हात फिरवला तरच गुठळी लागते. पोटाच्या कडेला स्नायूंचे तीन थर असतात: बाहेरचा तिरपा, आतला तिरपा आणि सगळ्यांत आत आडवा. स्पायजेलियन हर्निया आतले दोन थर फोडतो आणि बाहेरच्या तिरप्या स्नायूच्या पापुद्र्याखाली अडतो. म्हणून फुगवटा बाहेर दिसत नाही. जाड पेशंटमध्ये तर हातालाही लागत नाही.

जागाही ठरलेली. पोटाच्या मधोमध उभे दोन पट्ट्यासारखे स्नायू असतात (पोरं जिममध्ये जाऊन ज्यांचे सिक्स पॅक काढतात ते). त्यांच्या बाहेरच्या कडेलगत चंद्रकोरीसारखी वळलेली एक रेषा आहे. ती रेषा आणि त्या उभ्या स्नायूची कड यांच्यामधला चिंचोळा पट्टा कमजोर. बेंबीखाली तो जास्तच कमजोर, कारण तिथं उभ्या स्नायूच्या मागचं अस्तर संपतं आणि सगळे पापुद्रे पुढच्या बाजूला जातात. कमरेच्या पुढच्या दोन हाडांना जोडणारी आडवी रेषा काढा. तिच्यावरच्या ६ सेंटिमीटरच्या पट्ट्यात हे बहुतेक हर्निया सापडतात. तुमच्या मातोश्रींनी ओसरीवर बसून बोट ठेवलं ते बहुधा तिथंच.

नाव आद्रियान व्हान डेन स्पीगल या शरीरशास्त्रज्ञाचं. जन्म १५७८, मूळचा ब्रुसेल्सचा, इटलीत पाडुआला प्राध्यापक, १६२५ मध्ये वारला. गंमत म्हणजे त्यानं ती रेषा सांगितली, हर्निया नाही. हर्नियाचं वर्णन क्लिंकॉश यानं १७६४ मध्ये केलं आणि नाव दिलं स्पीगलचं. पोटाच्या भिंतीच्या सगळ्या हर्नियांत हा शंभरात एक-दोन. म्हणजे तालुक्याच्या डॉक्टरनं आयुष्यात पाहिलाच नसेल तर त्याला फार दोष देऊ नये. (ते "लक्ष वेधून घ्यायला" म्हणणाऱ्याला मात्र द्या.)

आता तुमचे प्रश्न. थांबावं का? तूर निघेपर्यंत थांबा असं मी माझ्या आईला सांगणार नाही. या हर्नियाचं तोंड लहान असतं आणि कडा घट्ट. मोठ्या तोंडाच्या हर्नियात आतडं ये-जा करतं. लहान तोंडात शिरलं की अडकतं, रक्तपुरवठा तुटतो. बऱ्याच पेशंटचं निदान तो अडकल्यावर, रात्री-अपरात्री ऑपरेशन टेबलवरच होतं. तुमचं दिवसाउजेडी झालंय, त्याचा फायदा घ्या. गोळा घट्ट झाला, दाबून आत जाईना, दुखणं थांबेना, उलट्या, वारा सरेना, शौच होईना, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री मोठा दवाखाना. दाबत बसू नका, चोळू तर नकाच. गोदाकाठची ताईंनी लिहिलंय ते अगदी खरं आहे.

दुर्बीण की छेद, हे उद्या. डोळे मिटायलेत.

---

पुण्यात_परभणी | १३ नोव्हेंबर, सकाळी ७:२०

वाकळेचं उदाहरण एक नंबर. वाचनखूण साठवली.

एक शंका. पोटाला पट्टा बांधून चालणार नाही का? मामा वर्षानुवर्षं कमरेचा पट्टा लावून फिरतात.

---

टाकेवाला | १३ नोव्हेंबर, दुपारी २:०५

पट्टा वरच्या लुगड्याला दाबतो, भोक खालच्या थरात. उपयोग नाही. उलट पट्टा आहे म्हणून माणूस निर्धास्त होऊन पोती उचलतो.

बार्शीलाईट साहेब, तुमच्या पोत्याला मी मान देतो. वडिलांचं ऑपरेशन चांगलं झालं आणि आजही वरून छेद देऊन केलेलं ऑपरेशन चांगलंच असतं. आतडं अडकून सडलं असेल तर मीसुद्धा बहुतेक वेळा सरळ पोट उघडतो. भूल झेपणार नसेल तरी छेदच बरा. त्यामुळं त्या दुसऱ्या सर्जनचं काही चुकलेलं नाही.

पण या विशिष्ट हर्नियात दुर्बीण मला का आवडते ते सांगतो. वरून जायचं तर जो बाहेरचा थर धड आहे तोच आधी कापावा लागतो, आणि पेशंट टेबलावर झोपला की गोळा आत गेलेला. मग भोक शोधत बसा. आतून बघितलं की भोक समोर दिसतं, खिडकीसारखं. दुसऱ्या बाजूला किंवा जांघेत आणखी एखादं असेल तर तेही दिसतं. धड लुगडं धडच राहतं.

करतात कसं? पूर्ण भूल. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून तंबूसारखं उचलायचं, दाब साधारण १२ मिलिमीटर पारा. बेंबीजवळ किंवा हर्नियाच्या विरुद्ध बाजूला एक १० मिलिमीटरचं छिद्र कॅमेऱ्यासाठी आणि ५ मिलिमीटरची दोन, हत्यारांसाठी. अडकलेली चरबी हळूच आत ओढायची. मग पोटाचं जे आतलं पातळ अस्तर असतं ते चिरून पडद्यासारखं सोडवायचं, भोक टाक्यांनी शिवायचं, त्यावर जाळी पसरायची आणि पडदा पुन्हा शिवून टाकायचा. जाळी भोकाएवढी नको, चारी बाजूंनी ऐसपैस हवी. दोन सेंटिमीटरच्या भोकालाही आम्ही तळहातापेक्षा मोठी जाळी लावतो, कारण ठिगळ नेहमी भोकापेक्षा मोठंच लागतं. आणि जाळी अस्तराच्या मागं झाकली गेली की आतड्याला चिकटायची भीती राहत नाही, त्यामुळं साधी पॉलिप्रॉपिलीनची जाळी चालते. तीच जर पोटाच्या आत उघडी ठेवायची, तर आतड्याकडच्या बाजूला न चिकटणारा थर असलेली खास जाळी लागते. ती महाग. बिल का वाढतं, याचं अर्धं उत्तर त्या जाळीत आणि ती ठोकायच्या टॅकरमध्ये असतं. तुमच्या सर्जनला सरळ विचारा: जाळी कुठल्या थरात लावणार आणि कुठली? चिडला तर दुसरा बघा.

दुर्बिणीनं हा हर्निया दुरुस्त केल्याची पहिली नोंद १९९२ची. २००२ मध्ये स्पेनमधल्या सर्जननी छेद आणि दुर्बीण यांची चिठ्ठ्या टाकून तुलना केली. दुर्बिणीत त्रास कमी आणि घरी लवकर, असं निघालं. पण पेशंट होते सगळे मिळून २२. इतका दुर्मिळ आजार, हजारभर पेशंट आणणार कुठून? म्हणून मी "दुर्बीणच श्रेष्ठ" असं छाती ठोकून म्हणत नाही. ज्या सर्जनचा ज्यात हात बसलाय ते करून घ्यावं, एवढं मात्र ठामपणे म्हणतो. जांघेचे हर्निया दुर्बिणीनं नेहमी करणारा माणूस असेल तर त्याला हे अवघड नाही.

---

बार्शीलाईट | १३ नोव्हेंबर, दुपारी ३:४०

डॉक्टरसाहेब, धड लुगडं कापायचं कशाला हा मुद्दा पटला. बिलाचा मुद्दा मागं घेत नाही.

---

हरभरा | १३ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:१०

पैशाचं मी सांगतो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कवच आहे. पण सगळी ऑपरेशनं सगळ्या दवाखान्यांत बसत नाहीत. योजनेत असलेल्या दवाखान्यात आरोग्यमित्राचं टेबल असतं, तिथं आधी रेशन कार्ड, आधार आणि सीटीचा रिपोर्ट दाखवून विचारा. ॲडमिट व्हायच्या आधी विचारा, नंतर नाही. आमचं नंतर झालं आणि सगळी धावपळ वाया गेली. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ किंवा लातूरचं सरकारी मेडिकल कॉलेज हाही पर्याय आहे, तुम्हाला दोन्ही जवळ. तारीख मिळायला मात्र थांबावं लागू शकतं.

---

गुंगी | १३ नोव्हेंबर, रात्री ९:१५

मी भूलतज्ज्ञ. आमच्याबद्दल कुणीच विचारत नाही, म्हणून स्वतःहून आले.

दुर्बिणीत पूर्ण भूल लागते, कारण गॅसनं पोट फुगलं की श्वासपटल वर ढकललं जातं. श्वास नळीतून आम्ही चालवतो. वय ६१ हे कारण नाही घाबरायचं. बीपी, शुगर, ईसीजी, छातीचा एक्सरे बघून ठरवतात. माझे प्रश्न वेगळे: आजी चुलीवर स्वयंपाक करतात का? खोकला आहे का? मिश्री लावतात का? बद्धकोष्ठता? खोकला आणि कुंथणं ही या हर्नियाची कारणंही आहेत आणि ऑपरेशननंतर टाक्यांवर ताण आणणारीही. खोकला असेल तर तो आधी आटोक्यात आणा, तारीख मग घ्या. आणि मिश्रीचं खरं सांगायला लावा. बायका नवऱ्यासमोर, पोरांसमोर "नाही" म्हणतात आणि भूलखोलीत डबी निघते.

---

मन्याडकाठ | १३ नोव्हेंबर, रात्री १०:५०

गुंगी ताई, तुम्ही आमच्या घरात डोकावून गेलात काय? चूल आहे (गॅस "चहापुरता"), हिवाळ्यात कोरडा खोकला आहे, मिश्री आहे. सूनबाईनं विचारल्यावर डबी पदराखाली गेली.

टाकेवाला सर, वाकळेची गोष्ट मायला वाचून दाखवली. म्हणाली, "डाक्टर वाकळ शिवायलाय व्हय? मग येतंय त्येला." ऑपरेशनला तयार झाली ती त्या एका वाक्यावर.

---

संपादक | १४ नोव्हेंबर, सकाळी ११:००

धागा चांगला चाललाय. एक प्रतिसाद काढला आहे, त्यात वेदनाशामकाची मात्रा लिहिली होती. कृपया औषधांची मात्रा इथं लिहू नये.

---

पुण्यात_परभणी | १४ नोव्हेंबर, दुपारी १२:२५

एक अवांतर. "पोटात गोळा येणे" भीतीनंही येतो, वाऱ्यानंही येतो, आणि इथं खरा गोळाच निघाला. आपल्याच भाषेनं आपल्याला चकवलं की! बेंबी सरकणं, नळ भरणं, गोळा उठणं. यातलं किती खरंखुरं होतं आणि आपण हसण्यावारी नेलं, कोण जाणे.

---

टाकेवाला | १४ नोव्हेंबर, दुपारी २:४०

अवांतर नाही हे. आमची अडचण अशी की आम्ही शिकलो इंग्रजीत, पेशंट सांगतो मराठवाडीत, आणि मध्ये नातेवाईक दुभाषी. मी आता "गोळा" शब्द ऐकला की एकच विचारतो, बोटानं दाखवा. सगळ्या पोटावर हात फिरवला तर बहुतेक वेळा वारा. एका बोटानं एकच जागा दाखवली तर उभं करून खोकायला लावतो.

---

मन्याडकाठ | २८ नोव्हेंबर, रात्री ८:३०

ऑपरेशन झालं. परवा, मंगळवारी, लातूरला, दुर्बिणीनं. काल संध्याकाळी घरी.

मधले दहा दिवस खोकल्याच्या औषधात गेले आणि चूल बंद करण्याच्या भांडणात. योजनेसाठी विचारलं, पण आम्ही निवडलेल्या दवाखान्यात ते बसलं नाही. सरकारीत तारीख पुढची होती आणि मला धीर निघाला नाही. सगळं मिळून सत्तर हजारांच्या आत झालं, सोयाबीनचे पैसे त्यात गेले. बार्शीलाईट काका, बिलावर जाळी आणि टॅकर वेगळे लिहून घेतले. तुमच्या नावानं तपासले.

सर्जनना तुमचा प्रश्न विचारला, जाळी कुठल्या थरात? ते चिडले नाहीत. कागद घेऊन चित्र काढलं. अस्तराच्या मागं, साधी जाळी, १५ बाय १० सेंटिमीटर. टेबलावर जायच्या आधी जोडवी काढायची यावर मायनं पाऊण तास घेतला. ऑपरेशनात करंट वापरतात, म्हणून अंगावर धातू नको, हे तिला समजावलं. शेवटी नर्सबाईनं जोडवी कापडात बांधून माझ्या वडिलांच्या खिशात ठेवली तेव्हा ती गप्प झाली. आत सव्वा तास लागला. नंतर सर्जननी मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. पोटाच्या आतून बघितलेलं ते भोक अगदी विहिरीच्या तोंडासारखं गोल होतं आणि त्यात पिवळी चरबी लोंबत होती. आतडं नव्हतं. दुसऱ्या बाजूला काही नव्हतं.

शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य, "पोटाचं आपरेशन आन दुखायलाय खांदा, भलतंच कापलं का रं?" मी घाबरलो, तर डॉक्टर हसले. संध्याकाळी चालवलं, रात्री पेज दिली.

---

गुंगी | २८ नोव्हेंबर, रात्री ९:०५

छान झालं. खांद्याचं मी आधी सांगायला हवं होतं, राहून गेलं. पोटात उरलेल्या गॅसनं श्वासपटल चिडतं आणि त्याची नस मानेतून येते, म्हणून दुखणं खांद्यात जाणवतं. दोन-तीन दिवसांत जातं. मिश्रीची डबी कुठंय?

---

मन्याडकाठ | २८ नोव्हेंबर, रात्री ९:२०

डबी विहिरीत. वडिलांनी टाकली. भांडण चालू आहे.

---

टाकेवाला | २८ नोव्हेंबर, रात्री ११:३०

उत्तम. आता दोन गोष्टी. त्या जागी आठ-दहा दिवसांत पुन्हा मऊ फुगवटा आला तर "हर्निया परत आला" म्हणून घाबरू नका. रिकाम्या झालेल्या जागेत पाणी साठतं, बहुतेक वेळा आपोआप जिरतं. वाढलं, लाल झालं किंवा ताप आला तर दाखवा. दुसरं, चालू द्या, जिना चढू द्या, पण सहा आठवडे वजन नाही. घागर नाही, वैरणीचा भारा नाही, नातू नाही.

---

गोदाकाठची | २९ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

नातू नाही हे सगळ्यात अवघड बघा.

---

तुरीचंवरण | ३ डिसेंबर, रात्री ८:४५

आमच्या आईचं कळवायचं राहिलं. विचारलं, हाताला लागतो का? म्हणाली, "कशाचं काय, सगळं पोट फुगायलंय." सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले. आता तोही धागा काढतो.

---

मन्याडकाठ | ३१ डिसेंबर, दुपारी ४:१०

काल येळवस (वेळा अमावस्या, शेतात पूजा करून तिथंच जेवायचा आमच्याकडचा सण) झाली. पाच आठवडे पूर्ण. पाणी साठलं होतं थोडं, जिरलं. दुखणं नाही, गोळा नाही. दहा वेळा उभं राहून, खोकून, बोटानं दाबून तिनं स्वतःच खात्री केली.

आंबिलीचं बिंदगं (मडकं) डोक्यावर घेऊन शेतात जायचा मान दरवर्षी तिचा. एक आठवडा कमी पडत होता. सकाळपासून गाल फुगवून बसली होती. शेवटी बिंदगं सूनबाईनं घेतलं आणि माय रिकाम्या हातानं पुढं चालली, वाटभर मागं वळून सांगत, "हळू बाय, सांडायलीस, कमरेत ताठ ऱ्हा." कोपीपाशी पूजा झाली, भज्जी-उंडे झाले. शेजारच्या शेतातली तिची मैत्रीण तिथं आली होती. ती जेवताना पोटाला हात लावून म्हणाली, "सरू, मला बी कवा कवा गोळा यायलाय बग."

मायनं हातातला घास खाली ठेवला आणि तिला म्हणाली, "उभी ऱ्हा. आन खोक."